राखीव कोअरवर आलेले पाहुणे: इंटरप्टच्या वाटणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातला संगणक एका यंत्राचे सर्व्हो अक्ष, म्हणजे नेमक्या जागी हलणाऱ्या मोटरी, चालवतो. प्रकरण आहे इंटरप्टचं, म्हणजे उपकरणं 'माझ्याकडे बघ' म्हणून प्रोसेसरला ज्या हाका मारतात त्यांचं. यंत्र कुठलं, कुणाचं, हे इथे येणार नाही. कोअरची वाटणी, मास्क (कुठल्या कोअरना मुभा आणि कुठल्यांना नाही, हे सांगणारा आकडा) आणि आमच्या चुका मात्र होत्या तशाच दिल्या आहेत.

आठ कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतंत्र काम करणारे आठ भाग असलेला औद्योगिक संगणक, हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवण्याची सोय) बंद. लिनक्सचा ६.६ कर्नल (प्रणालीचा गाभा), त्यावर प्रीएम्प्ट-आरटी, म्हणजे कामं ठरल्या वेळेत व्हावीत यासाठीचा पॅच. (हा पॅच मुख्य कर्नलमध्ये ६.१२ पासून, म्हणजे २०२४ अखेरीस आला. आम्ही त्याआधीचे.) कोअर ० ते २ घरकामाला: लॉग, नेटवर्क, स्क्रीन आणि बाकीची सगळी वर्दळ. कोअर ३ ते ७ रिअल-टाइम कामासाठी राखीव. त्यासाठी बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, 'आयसोलसीपीयूज=३-७' असं लिहिलेलं.

कोअर ५ वर फील्डबसचं (सर्व्हो ड्राइव्हशी बोलणाऱ्या जाळ्याचं) चक्र फिरतं, दर ५०० मायक्रोसेकंदांनी एक, फिफो प्राधान्य ८० (रिअल-टाइम कामांचा क्रम, मोठा आकडा वरचढ). कोअर ३ वर मोजणीचा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलं स्वतंत्र चालणारं काम, आहे. एरवी तो झोपून-उठून काम करतो. यंत्र वेगवान मोडमध्ये गेलं की मात्र तो झोपायचं नाव घेत नाही. एका कार्डाचं रजिस्टर सतत वाचत राहतो आणि अख्खा कोअर व्यापून बसतो. त्याचंही प्राधान्य ८०. रिअल-टाइम कामांना दर सेकंदात ९५० मिलिसेकंदच मिळतील अशी कर्नलची एक मर्यादा असते. ती आम्ही −१ लिहून काढून टाकली होती, कारण मधले ५० मिलिसेकंद गमावणं या थ्रेडला परवडणारं नव्हतं.

नेटवर्कची पोर्ट दोन. एकावर फक्त फील्डबस, दुसऱ्यावर साधं जाळं, ज्यातून नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर जातात. डिस्क एनव्हीएमई, म्हणजे नव्या, वेगवान जोडणीची.

आधीचं मॉडेल चार कोअरचं होतं, त्यात कोअर २ आणि ३ राखीव असायचे. डिस्क साटा या जुन्या जोडणीची, म्हणजे डिस्कचा इंटरप्ट एकच. तो घरकामाच्या कोअरवर नेऊन ठेवला की विषय संपायचा. नवीन मॉडेल आलं तेव्हा जुनी प्रणालीच उचलली, बूटच्या ओळीतला आकडा बदलला, चाचणी घेतली आणि यंत्र पाठवून दिलं.

अडचण

तक्रारी दोन आल्या, आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे गेल्या. आमचा बराच वेळ इथेच वाया गेला.

पहिली अशी की सर्व्हो ड्राइव्ह 'सिंक हरवला' म्हणून फॉल्टमध्ये जायचे. दिवसातून दोन-तीनदा, आणि कधी दोन दिवस एकदाही नाही. ही तक्रार नियंत्रणाचं काम बघणाऱ्यांकडे गेली. दुसरी तक्रार अशी की वेगवान मोड चालू असताना कधीमधी स्क्रीन आणि लॉग गोठायचे, आणि थोड्या वेळाने काहीच न झाल्यासारखे पुढे चालू व्हायचे. ही स्क्रीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे गेली. ते तीन आठवडे स्वतःच्याच कोडमधला अडकलेला लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) शोधत होते. असा लॉक कुठे नव्हताच.

पहिल्या तक्रारीवर आमची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: चक्राचं प्राधान्य ८० वरून ९० करा. केलं. काहीही फरक पडला नाही. प्राधान्य वाढवूनही जर विलंब तसाच राहत असेल, तर चक्र कुणाच्या खाली दबलेलं नाही, ते कुणाची तरी वाट पाहतंय. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आम्ही आकडा परत ८० वर आणला आणि मोजायला बसलो.

काय मोजलं

सर्वात आधी हार्डवेअर लेटन्सी डिटेक्टर चालवला. मदरबोर्डचं फर्मवेअर कर्नलच्या नकळत प्रोसेसर ताब्यात घेत असेल, तर पुढची सगळी मेहनत फुकट. तसं काही निघालं नाही. मग सायक्लिकटेस्ट ही विलंब मोजणारी चाचणी एक तास कोअर ५ वर. कमाल विलंब १८ मायक्रोसेकंद. सगळे खूश.

ती खुशी फसवी होती, आणि का ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सायक्लिकटेस्ट टायमरवर झोपतो आणि उठतो. आमचं चक्र उठल्यावर नेटवर्कवर पॅकेट पाठवतं. चाचणीने जागं होण्यातला उशीर मोजला. आमचा उशीर जागं झाल्यानंतरचा होता.

म्हणून चाचणीचा नाद सोडून खऱ्या चक्रालाच साक्षीला बसवलं. कर्नलचा ट्रेस, म्हणजे आतल्या घडामोडींची नोंद, सतत चालू ठेवला: थ्रेडची अदलाबदल, इंटरप्टची सुरुवात, प्राधान्यात होणारे बदल. चक्राला स्वतःच्या एका फेरीत २०० मायक्रोसेकंदांहून जास्त उशीर दिसला की त्यानेच ट्रेस बंद करायचा. दुसऱ्या दिवशी नोंदींचं अपलोड सुरू असताना ट्रेस थांबला. त्या फेरीला ६४० मायक्रोसेकंद उशीर झाला होता.

ट्रेसच्या शेवटच्या ओळींमध्ये उत्तर सरळ लिहिलेलं होतं. कोअर ५ वर साध्या नेटवर्कच्या पोर्टचा इंटरप्ट आला. त्याचा थ्रेड जागा होऊन पॅकेट उपसायला लागला. मग चक्राची वेळ झाली, ते उठलं, वरचं प्राधान्य असल्यामुळे लगेच कोअरवर आलं, पॅकेट पाठवायला गेलं आणि थांबलं. पुढच्याच ओळीत इंटरप्टच्या थ्रेडचं प्राधान्य ४९ वरून १९ झालेलं. कर्नलच्या आतले हे आकडे उलटे असतात, ९९ मधून वजा केलेले. म्हणजे फिफो ५० चा थ्रेड एका क्षणात ८० झाला होता.

प्रीएम्प्ट-आरटीमध्ये हे असंच व्हायचं असतं. इंटरप्टचं खरं काम तिथे थ्रेडमध्ये होतं आणि त्या थ्रेडचं मूळ प्राधान्य ५० असतं. पण नेटवर्कचं काम ज्या सॉफ्टइंटरप्टच्या (इंटरप्टचं मागाहून करायचं काम उरकणाऱ्या) भागात चालतं, त्याला आमच्या कर्नलमध्ये प्रत्येक कोअरमागे एक लॉक आहे. त्या कोअरवर कुणीही नेटवर्कच्या कोडमध्ये शिरला की त्याला तोच लॉक लागतो. पोर्ट वेगळं असलं तरी सुटका नाही. आमचं चक्र फील्डबसचं पॅकेट पाठवायला गेलं, तर लॉक साध्या पोर्टच्या थ्रेडकडे. मग कर्नलने त्या थ्रेडला चक्राचं प्राधान्य उसनं दिलं आणि त्याने हातातलं काम सावकाश पुरं केलं. ड्रायव्हर एका खेपेला ६४ पॅकेट घेतो आणि सगळ्या खेपा मिळून ३०० ची मर्यादा असते. अपलोड जोरात असताना त्या खेपांमध्ये आमची एक अख्खी फेरी बुडाली. प्राधान्य ९० केलं होतं तेव्हा थ्रेडला ९० उसने मिळाले असणार, एवढाच काय तो फरक.

इंटरप्ट तिथे आलाच कसा

राखीव कोअरवर साध्या नेटवर्कचा इंटरप्ट येतोच कसा, हा प्रश्न मग सगळ्यांनीच विचारला. 'आयसोलसीपीयूज' लिहिलंय ना?

ते लिहिल्याने काय होतं याबद्दल आमच्या गटात, माझ्यासकट, बऱ्याच जणांचा समज अर्धवट होता. ते कोअर शेड्युलरच्या (कामं कोअरवर वाटणाऱ्या भागाच्या) समतोलातून बाहेर निघतात, म्हणजे साधी कामं आपणहून तिथे सरकत नाहीत. इंटरप्टशी त्याचा संबंध नाही. इंटरप्ट कुठे जाणार हे प्रत्येक इंटरप्टच्या मास्कवर ठरतं, आणि त्या मास्कवर लिहिणारे हात अनेक असतात: बूटची ओळ, ड्रायव्हर, आयआरक्यूबॅलन्स आणि आपली स्वतःची स्क्रिप्ट. शेवटी ज्याने लिहिलं त्याचं चालतं.

आमच्याकडे शेवटी लिहिणारा होता आयआरक्यूबॅलन्स. तो दर १० सेकंदांनी भार बघून इंटरप्ट हलवतो. खरं तर त्याला काहीच सांगितलं नाही, तर तो राखीव कोअरची यादी कर्नलकडून स्वतः वाचतो आणि त्यांना हात लावत नाही. पण आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं. जुन्या मॉडेलच्या सेटिंगमध्ये 'हे कोअर वर्ज्य' असा मास्क होता, सोळाच्या पायात 'सी'. म्हणजे ४ अधिक ८, म्हणजे कोअर २ आणि ३ (कोअर ० ची किंमत १, पुढे दर कोअरला दुप्पट). स्पष्ट मास्क दिला की त्याची स्वतःची समज बाजूला पडते. नव्या यंत्रावर या मास्कने कोअर २ हा घरकामाचा कोअर बंद केला आणि ४ ते ७ सताड उघडे ठेवले. हवा होता ८, १६, ३२, ६४ आणि १२८ यांची बेरीज, २४८, म्हणजे 'एफ८'.

सेटिंगची ती फाईल रिकामी असती तर पहिली तक्रार बहुधा आलीच नसती.

तीस सेकंद

दुसऱ्या तक्रारीचा धागा एका तरुण सहकारीला सापडला. स्क्रीन किती वेळ गोठते याची तिने नुसती नोंद ठेवली होती, आणि बैठकीत म्हणाली, "सर, जी लांबची गोठण आहे ती कधीच तीस सेकंदांच्या पुढे जात नाही. लॉक अडकला असता तर आकडा इतका गोल आला असता का?"

नसता. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरची वाट पाहण्याची मुदत मुळात ३० सेकंदांचीच असते. कर्नलचा लॉग उघडला तर त्याच वेळांना डिस्कच्या एका रांगेबद्दल ओळी होत्या: टाइमआउट, पूर्तता पोल करून घेतली. म्हणजे डिस्कने काम कधीच संपवलं होतं, ते सांगणारा इंटरप्ट कुणी हाताळलाच नव्हता. मुदत संपल्यावर ड्रायव्हरने स्वतः डोकावून पाहिलं, काम झालेलं दिसलं, गाडी पुढे गेली. या ओळी पहिल्या दिवसापासून लॉगमध्ये होत्या. एररच्या रंगात नव्हत्या म्हणून कुणी वाचल्या नाहीत.

एनव्हीएमई डिस्कला एकच इंटरप्ट नसतो. कामाच्या रांगा अनेक, आणि प्रत्येक रांगेला आपला इंटरप्ट. आमच्या डिस्कने चारच रांगा दिल्या. आठ कोअर चारांत वाटले गेले: ०-१, २-३, ४-५, ६-७. आता दुसरी जोडी बघा. कोअर २ घरकामाचा, कोअर ३ राखीव, आणि दोघांची रांग एकच. त्या इंटरप्टच्या ॲफिनिटी, म्हणजे मास्कच्या, फाईलमध्ये '२-३' दिसत होतं. निश्चिंत व्हायला तेवढं पुरेसं वाटतं. पण शेजारीच 'इफेक्टिव्ह ॲफिनिटी' नावाची दुसरी फाईल असते, इंटरप्ट प्रत्यक्षात कुठे पोचतो ते सांगणारी. तिच्यात नुसता '३' होता.

पुढचं मग कागदावर मांडता आलं. लॉग लिहिणारा प्रोग्राम कोअर २ वर असताना डिस्कला काम देतो. डिस्क काम करते आणि इंटरप्ट कोअर ३ वर जातो. तिथे इंटरप्टचा थ्रेड ५० प्राधान्याने उभा राहतो. कोअर ३ वर वेगवान मोडमधला ८० चा थ्रेड न झोपता बसलेला आहे. ५० ची पाळी येतच नाही. लॉग लिहिणारा त्याच क्षणी कोअर ० किंवा १ वर असेल तर मात्र सगळं सुरळीत. म्हणून ही तक्रार इतकी लहरी वाटत होती.

जाता जाता एक गोष्ट. काढून टाकलेली ९५० मिलिसेकंदांची मर्यादा परत लावली तर सुटेल, असं एकाने सुचवलं. नसतं सुटलं. त्या मर्यादेने सोडलेला वेळ साध्या कामांना मिळतो. इंटरप्टचा थ्रेड स्वतःच रिअल-टाइम असल्यामुळे मोजणीच्या थ्रेडबरोबर तोही थांबवला जातो.

कोणते पर्याय होते

नेटवर्कच्या बाजूला खरी निवड एकच होती: आयआरक्यूबॅलन्सचा मास्क दुरुस्त करायचा, की तो बंदच करून मास्क आपण लिहायचे.

दुरुस्ती सोपी होती, फाईल रिकामी करायची. पण फील्डबसच्या पोर्टचं काय? राखीव कोअरवरून सगळेच इंटरप्ट हाकलायचे नसतात. फील्डबसचं चक्र ज्या पॅकेटची वाट बघतं त्याचा इंटरप्ट कोअर ५ वरच यायला हवा, आणि त्याच्या थ्रेडचं प्राधान्य चक्राच्या वर हवं. आयआरक्यूबॅलन्स राखीव कोअर वर्ज्य मानतो, पण हा एक इंटरप्ट तिथेच राहू दे हे त्याला वेगळं समजवावं लागतं. त्याची सोय आहे, धोरणाची एक छोटी स्क्रिप्ट जोडता येते. मग मला वाटलं, स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर मध्ये हा माणूस कशाला? ज्या यंत्रात कार्डं, पोर्ट आणि कामं कधी बदलत नाहीत, तिथे समतोल कसला साधायचा? आम्ही तो बंद केला. या निर्णयावर गटात एकमत नव्हतं, आणि आजही नाही.

डिस्कच्या बाजूला पहिला विचार सरळ होता: त्या इंटरप्टच्या फाईलमध्ये '२' लिहायचं. रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता म्हणून लिहिलं. 'इनपुट/आउटपुट एरर'. हे इंटरप्ट 'मॅनेज्ड' प्रकारातले असतात. त्यांचे मास्क कर्नल ठरवतो आणि वापरकर्त्याला हात लावू देत नाही.

दुसरा विचार, डिस्कच्या इंटरप्ट-थ्रेडचं प्राधान्य ८५ करायचा. गोठणं त्याच दिवशी थांबलं असतं. पण मग घरकामाच्या कोअरने डिस्कवर काहीही लिहिलं की कोअर ३ च्या मोजणीत खंड. म्हणजे दुखणं स्क्रीनवरून मोजणीवर ढकललं असतं, आणि मोजणीतलं दुखणं पडद्यावर दिसतही नाही. हा पर्याय मला सर्वांत धोकादायक वाटला, कारण तो यशस्वी झाल्यासारखा दिसला असता.

तिसरा, मोजणीचा थ्रेड कोअर ४ वर हलवून कोअर ३ घरकामाला देऊन टाकायचा. घरकामाला ० ते ३ ही दोन पूर्ण जोड्यांची वाटणी चार रांगांशी नीट जुळली असती. तांत्रिकदृष्ट्या हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. पण कोअर ४ वर मार्गाचं गणित चालायचं. ते हलवलं तर सगळ्या वेळा नव्याने मोजून प्रमाणित कराव्या लागल्या असत्या.

चौथा कर्नलमध्येच तयार होता. 'आयसोलसीपीयूज' ला ५.६ आवृत्तीपासून 'मॅनेज्ड-आयआरक्यू' हा ध्वज, म्हणजे जादा सूचना, देता येतो. एखाद्या रांगेच्या मास्कमध्ये घरकामाचे आणि राखीव असे दोन्ही कोअर असतील, तर इंटरप्ट घरकामाच्या कोअरकडे वळतो. ज्या रांगेत सगळे राखीवच आहेत, म्हणजे आमच्या ४-५ आणि ६-७, तिथे हा ध्वज काहीही करत नाही. त्या रांगांचे इंटरप्ट तेव्हाच येतात जेव्हा राखीव कोअरवरचंच कुणीतरी डिस्कला काम देतं. आमच्या २-३ या जोडीचं दुखणं तंतोतंत याच मापाचं होतं. हाच घेतला.

काय केलं, आणि कुठे चुकलो

बूटच्या ओळीत 'आयसोलसीपीयूज=मॅनेज्ड-आयआरक्यू,३-७' असं लिहिलं. यंत्र परत सुरू केलं. डिस्कच्या त्या इंटरप्टच्या प्रत्यक्ष कोअरमध्ये '२' आलं. टाळ्या.

दुसऱ्या दिवशी पाचही राखीव कोअरवर विलंब पहिल्यापेक्षा वाईट. दुपारपर्यंत आम्ही इंटरप्टच शोधत होतो. मग राखीव कोअरची यादी देणारी सिसफसमधली (कर्नल आपली स्थिती जिथे दाखवतो तिथली) फाईल कुणीतरी वाचली. ती रिकामी होती. ध्वज न लिहिता नुसते आकडे दिले की कर्नल 'डोमेन' हा ध्वज गृहीत धरतो, आणि शेड्युलरपासून वेगळं करण्याचं काम तोच करतो. एकही ध्वज स्वतः लिहिला की गृहीत धरणं संपलं. आम्ही 'मॅनेज्ड-आयआरक्यू' मागितलं, तेवढंच मिळालं. साधी कामं राखीव कोअरवर बिनधास्त हिंडायला लागली होती. 'डोमेन,मॅनेज्ड-आयआरक्यू,३-७' लिहिल्यावर ठीक झालं.

नेटवर्कच्या कामात दुसरी चूक. साध्या पोर्टला चार रांगा होत्या आणि घरकामाचे कोअर तीन, म्हणून इथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगच्या साधनाने रांगा दोन केल्या. मास्क लिहिणारी स्क्रिप्ट त्याच्या आधी चालून गेलेली. रांगांची संख्या बदलली की ड्रायव्हर जुने इंटरप्ट सोडून देतो आणि नवे मागतो. क्रमांक नवे, मास्कही मूळचा, म्हणजे सगळे आठ कोअर. स्क्रिप्टने जे लिहिलं ते आता अस्तित्वात नसलेल्या इंटरप्टसाठी होतं. क्रम उलटा केला. पण क्रमाच्या भरवशावर राहणं मला पटेना, म्हणून बूटच्या ओळीत 'आयआरक्यू-ॲफिनिटी=०-२' सुद्धा घातलं. आता कुठलाही नवा साधा इंटरप्ट जन्मतःच घरकामाच्या कोअरवर असतो, स्क्रिप्ट चालो न चालो. काही ड्रायव्हर सूचना देण्याच्या नावाखाली स्वतःच मास्क लिहून मोकळे होतात. आमचा त्यातला नव्हता. एकेक ड्रायव्हर लावून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

स्क्रिप्टकडे मग एकच काम उरलं: फील्डबसच्या पोर्टचा इंटरप्ट नावाने शोधायचा, कोअर ५ वर ठेवायचा आणि त्याच्या थ्रेडला ८५ प्राधान्य द्यायचं.

एवढं झाल्यावर इंटरप्टचा तक्ता दर १० सेकंदांनी टिपून दोन टिपांमधला फरक बघत बसलो. कोअर ३ च्या रकान्यात डिस्क शांत, नेटवर्क शांत. तळाच्या ओळींपैकी एक मात्र वाढतच होती, 'टीएलबी शूटडाउन'ची. हे उपकरणाचे इंटरप्ट नव्हेत. एक कोअर दुसऱ्याला मारत असलेल्या हाका आहेत, आणि त्यांना मास्क नसतो. मोजणीच्या प्रोसेसमध्येच नोंदी लिहिणारा एक साधा थ्रेड होता, तो मेमरी घ्यायचा आणि परत करायचा. मेमरी परत केली की तीच मेमरी वापरणाऱ्या प्रत्येक कोअरला कळवावं लागतं. तो थ्रेड वेगळ्या प्रोसेसमध्ये काढला. मधल्या शेअर्ड मेमरीतून तो नोंदी उचलतो. ओळ थांबली.

कोअर ३ चा नेहमीचा टायमर टिक बंद करणारा 'नोहर्ट्झ-फुल' पर्यायही विचारात घेतला होता. कोअरवर चालण्याजोगं काम एकच असेल तेव्हाच तो उपयोगी पडतो, आणि कर्नलमध्ये जाण्या-येण्याचा खर्च थोडा वाढवतो. टिकमुळे होणारा खंड आमच्या मोजणीला सहन होत होता. सोडून दिला.

निकाल

वेगवान मोड चालू, अपलोड चालू, डिस्कवर मुद्दाम टाकलेला भार, अशा तिहेरी ताणात चक्राचा कमाल विलंब ६४० वरून ३१ मायक्रोसेकंदांवर आला. चाचणी तीन दिवस चालली. लॉगमध्ये डिस्कची टाइमआउटची ओळ पुन्हा दिसली नाही. स्क्रीन लिहिणाऱ्यांनी तीन आठवड्यांत घातलेले जादा लॉक नंतर काढून टाकले. त्यांनी ते फारसं बोलून दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

एका ठिकाणी पुढे नेटवर्क कार्ड बदललं गेलं आणि पोर्टचं नाव बदललं. स्क्रिप्टला जुन्या नावाचा इंटरप्ट सापडला नाही आणि ती गुपचूप पुढे गेली. फील्डबसचा इंटरप्ट घरकामाच्या कोअरवर जन्मला आणि तिथेच राहिला. यंत्र चालत होतं, पण भार आला की चक्र रेंगाळायचं. आता तो इंटरप्ट कोअर ५ वर प्रत्यक्षात आहे याची खात्री पटल्याशिवाय नियंत्रणाचा प्रोग्राम सुरूच होत नाही. ती खात्री 'इफेक्टिव्ह' फाईल वाचून केली जाते. मागितलेला मास्क वाचून नव्हे.

पुन्हा करायचं झालं तर

दोन्ही तक्रारी पहिल्याच आठवड्यात एका टेबलावर आणल्या असत्या. त्यांच्या वेळा शेजारी ठेवून बघितल्या असत्या तर दोन्ही राखीव कोअरवर भलत्यांच्या वावरामुळे होतायत हे लवकर दिसलं असतं. कारणं वेगळी होती, पण शोधायची जागा एकच होती.

चाचणीत खऱ्या चक्रासारखं वागणारं काहीतरी हवं होतं, निदान पॅकेट पाठवणारं. कर्नलमधला ऑसनॉइझ ट्रेसर ५.१४ पासून आहे, आणि कोअरवर कोण किती वेळ खातं ते इंटरप्ट, सॉफ्टइंटरप्ट, थ्रेड असं फोडून दाखवतो. तो अर्धा तास राखीव कोअरवर चालवला असता तर साध्या पोर्टचा थ्रेड नावानिशी समोर आला असता. लॉकवर वाट बघण्यातला उशीर त्यालाही दिसला नसता, पण तो थ्रेड इथे काय करतोय हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला असता.

नवीन यंत्राची जुळणी करताना जुनी प्रणाली उचलली, यात मला आजही चूक दिसत नाही. चूक ही की कोअरचे आकडे चार ठिकाणी लिहिलेले होते आणि आम्हाला त्यातलं एकच आठवलं. आता ते एका फाईलमध्ये आहेत आणि बूटची ओळ, स्क्रिप्ट, प्रोग्राम तिथूनच घेतात.

कोअर ३ घरकामाला द्यायचा तिसरा पर्याय मात्र पुढच्या मॉडेलमध्ये घेतला. ध्वज काम करतो, पण कर्नलच्या कागदपत्रांत त्याच्यापुढे 'जमेल तितकं' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जोड्या मुळातच नीट पाडल्या तर त्या 'जमेल तितक्या'वर अवलंबून राहावं लागत नाही. अर्थात वेगळी डिस्क वेगळ्या संख्येच्या रांगा देऊ शकते, म्हणून ध्वज तिथेही ठेवलाय.

आयआरक्यूबॅलन्सचा वाद अजून मिटलेला नाही. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की तो ठेवून, त्याला काहीही न सांगता, फक्त फील्डबसचा अपवाद जोडला असता तर आमच्या स्क्रिप्टला कोअरचे आकडे माहीत असण्याचीच गरज पडली नसती. आता पुढच्या मॉडेलला बारा कोअर येणार आहेत, आणि परवा त्याने मला विचारलं की आकड्यांच्या त्या फाईलमध्ये कुठल्या ओळी बदलाव्या लागतील. मी मोजल्या. सहा निघाल्या.